साच्याची दोन टोकं

पिरंगुटच्या सूतगिरणीत आमची जोडी होती. सूत गुंडाळून बॉबिन भरल्या की साचा, म्हणजे सूत कातायचं लांबलचक यंत्र, थांबायचा. एका टोकाकडून मी, दुसऱ्या टोकाकडून ती, भरलेल्या काढून रिकाम्या बसवत निघायचो आणि मधोमध भेटायचो. आधी पोचणारीनं दुसरीला कोपरखळी मारायची. बाकीचे साचे सुरूच असल्यानं तिथं बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून आम्ही ओठांवरून शब्द ओळखायला शिकलो होतो. आपापल्या सासवांची गाऱ्हाणी आम्ही अशीच बिनआवाजी मांडली.

मग बातमी आली, बॉबिन आपोआप बदलणारं यंत्र येणार आणि आमच्यातली एकच त्यावर राहणार. "ऱ्हायलो तर दोगी, न्हाईतर दोगी भाईर," घरी जाताना ती जीपमध्ये माझा हात धरून म्हणाली. मी काही भोळी नाही, नवऱ्याचं बोलणंसुद्धा ताडून बघते. तिचं नाही बघितलं.

पुढं तिची आई आजारी पडली, म्हणून ती कोळवणला माहेरी निघाली. आठवडाभर तिचं काम मी ओढलं. त्याआधी रात्री जागून मेथीचे लाडू वळले आणि डबा तिच्या हाती दिला. परतल्यावर म्हणाली, "आयला लई आवडलं."

यंत्र बसलं. जुनी म्हणून पूजेचा मान मला मिळाला. मीच त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ वाढवला. साहेबांनी बटण दाबलं. लांबलचक दांडीनं सगळ्या बॉबिन एकदम उचलल्या आणि मध्येच लाल दिवा लागून सगळं थांबलं. यंत्र बसवणारे मिस्त्री बाहेर चहाला गेलेले. साहेब हातात पेढा धरून नुसते बघत होते.

तेवढ्यात ती पुढं झाली. तिनं झाकण उघडलं, तिरकी बसलेली बॉबिन सरळ केली, हिरवं बटण दाबलं. स्वयंपाक करताना हात मिठाच्या बरणीकडे जावा, इतक्या सहज. यंत्र चालू झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळी वाजवता येईना.

यंत्राच्या अलीकडे मी, पलीकडे ती.

"कुटं शिकलीस?" मी ओठ हलवले.

"सायबानं शिकाया धाडलं व्हतं. कुनाला सांगू नगं म्हनला."

"आनी आय?"

तिनं मान खाली घातली, मग वर केली.

"आय बरी हाय."

कुणाची आई धडधाकट आहे हे ऐकून इतकं लागेल, असं कधी वाटलं नव्हतं. केसानं गळा कापला माझा, आणि तोही माझेच लाडू खाऊन.

त्या महिन्यानंतर साच्यावर ती एकटीच राहिली. माझ्या शेवटच्या दिवसाआधी मी तिच्याकडे लाडवांचा डबा मागितला. आमच्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तिनं तो घासूनपुसून आणला. घरी येऊन मी झाकण उघडून बघितलं. आत काही नव्हतं.