बार्बांसोंचा धूमकेतू

आमच्या डोंगरावरच्या वेधशाळेत तेओद्यूल बार्बांसों सत्तावीस वर्षं होता, त्यातली एकोणीस डायरेक्टर म्हणून. ती खुर्ची त्याला आभाळाने नाही, सासऱ्याने दिली. आधीच्या डायरेक्टरची मुलगी याने केली आणि म्हातारा गेल्यावर घुमटाच्या किल्ल्या याच्या खिशात आल्या. मी तिथे दुर्बिणींची देखभाल करायचो, म्हणून सांगतो: हा दुर्बिणीला डोळा लावायचा तो पाहुणे आले तरच. एरवी गारठ्याने घसा बसतो म्हणून घरात. पण बोलायला लागला की वाटावं, शनीची कडी यानेच ठोकून बसवली.

खरं काम ओर्तांस गिलूचं. दुर्बिणीतून आभाळाचे फोटो काचेवर घेतले जायचे; त्या काचांवरचे तारे भिंगाखाली मोजून ती वहीत लिहायची. तिच्यासारखी नजर तिथे कुणाचीच नव्हती.

एका मार्चमध्ये बार्बांसोंला एका काचेवर पुसट ठिपका दिसला आणि त्याने ठरवूनच टाकलं, हा नवा धूमकेतू. ओर्तांसने काच उजेडात तिरकी धरली. म्हणाली, हा काच धुताना पडलेला डाग आहे. आभाळाच्या त्याच भागाच्या दुसऱ्या काचेवर काहीच नाही.

"बाई, तुम्ही मोजा," तो म्हणाला. "बघायचं काम माझं."

तिने वहीत 'डाग' असंच लिहिलं. त्याने न वाचता खाली सही ठोकली. पॅरिसला तार गेली, गावच्या वर्तमानपत्रात दाढी विंचरलेला फोटो आला.

दहा दिवस चार देशांतले लोक आभाळ धुंडाळत राहिले. काही सापडलं नाही. तेव्हा याने पॅरिसला कळवलं की मोजणाऱ्या बाईची चूक झाली.

पॅरिसहून तपासनीस आला. ओर्तांसने वही त्याच्यापुढे उघडली. त्याने ते पान दोनदा वाचलं, वही मिटली.

"बाईसाहेब, त्यांच्या निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत. कशाला आता?"

"माझ्या निवृत्तीला किती राहिलीत, तेही विचारा की," ती म्हणाली.

त्याने विचारलं नाही. महिन्याभरात तिला काढलं. ती गावातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली.

बार्बांसोंच्या निरोपाच्या जेवणाला त्याच्या कोटावर सरकारने दिलेल्या मानाच्या पदकाची लाल फीत होती. विज्ञानात नम्रता कशी हवी, यावर तो तासभर बोलला. आम्ही बदक खाल्लं, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढे ओर्तांस बाजारात दिसली की मी टोपी काढायचो. ती थांबायची नाही, आणि तिचं बरोबरच होतं.