पॅलिओ, पावडर आणि शालूची किडनी

"माताजी, कोई दवाई, टॉनिक, पावडर वगैरह लेती हैं?" डॉक्टरांनी विचारलं. मी पदर सावरून म्हटलं, "नहीं जी, कुछ नहीं."

घरी कोठीत, साबुदाण्याच्या पिंपामागे, प्रोटीन पावडरचा भला मोठा डबा होता. डब्यावर एका उघड्याबंब माणसाचं चित्र होतं. त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे होते, आणि माझ्या मांड्या तेव्हा लहान नव्हत्या. दिवसातून तीनदा मी त्या डब्यातली पावडर पाण्यात घुसळून पीत होते आणि डॉक्टरांना सांगत होते, कुछ नहीं.

हा माझा मूर्खपणा. तो आधीच कबूल करते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. कोणाच्या घरी किडनीचं काही चाललं असेल तर त्यांनी हे वाचावं आणि मला खुशाल हसावं. पण हसून झाल्यावर आपल्या घरातल्या कोठीत एकदा डोकावून यावं.

डॉक्टरांच्या हातात माझा रिपोर्ट होता. क्रिएटिनिन एक पॉइंट चार. क्रिएटिनिन हा स्नायूंच्या कामातून रक्तात येणारा कचरा. किडनी तो गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात तो वाढला, की गाळणी बिघडली असं धरतात. "तीन महीने पहले तो बिलकुल ठीक था," डॉक्टर म्हणाले. "आठ दिन बाद फिर देखेंगे." आणि माझी एक किडनी माझ्या नवऱ्याला द्यायची होती.

हे कापडमिलच्या टाइम ऑफिसात, हजेरी ठेवायला होते. मिल बंद झाली आणि इंदूरच्या आमच्या छत्रीबागेत निम्मी घरं दिवसा माणसांनी भरली. सकाळी कुठे जायचं ते न कळून हे आंघोळ करून, भांग पाडून, दारात खुर्ची टाकून बसत. वर्षभराने पाय सुजायला लागले. मला वाटलं, बसून बसून सुजले. मी म्हणायचे, "जरा हिंडून या, नाहीतर खुर्चीला मुळं फुटतील." मग उलट्या सुरू झाल्या. तेव्हा कळलं की ब्लडप्रेशरने दोन्ही किडन्या कधीच्या वाळून गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनने धुऊन परत आत घालायचं. चार चार तास. परत आले की दोन दिवस बरे, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोंडाला कोरड आणि श्वासाला धाप.

डॉक्टर म्हणाले, ट्रान्सप्लांट करा. किडनी बदला. मुलांची किडनी घ्यायला हे तयार नव्हते; त्यांना सोडून रक्तगट जुळणारे घरात दोघं. एक मी. दुसरी यांची धाकटी बहीण शालू, शाळेत शिकवायची, लग्न केलं नव्हतं, वरच्या खोलीत राहायची. शालू चाळिशीतही वाळक्या शेंगेसारखी होती. मी गुबगुबीत होते. माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो. डॉक्टर म्हणाले, दहा किलो कमी करा, तरच घेऊ.

शालू म्हणाली, "वहिनी, मीच देते ना. माझं वजन तर आत्ताच चालतंय."

मी म्हटलं, "तू राहू दे. फॅन लावला तर कॅलेंडरबरोबर तूही फडफडतेस. आणि बायको मी आहे."

शेवटचं वाक्य मी जरा मोठ्याने म्हटलं. हे ऐकत होते. खरं सांगते, त्यांना जीवदान देण्यात मला जेवढा रस होता तेवढाच ते शालूने न देण्यात होता. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात कुठलीही गोष्ट चांगली झाली की "शालूला विचारून केली होती" असं ऐकत आले होते. एकदा तरी म्हणा की हिच्यामुळे झालं.

तर दहा किलो. आमच्या गल्लीपलीकडे सुरेश भिया म्हणून यांच्याच मिलमधले जॉबर, म्हणजे मागवाल्यांचे मुकादम, होते. मिल गेल्यावर त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये जिम काढलं होतं. तेव्हा इंदुरात सगळीकडे नवं नवं काही निघत होतं आणि ज्याला काल लूम चालवता येत होता तो आज दुसऱ्यांची शरीरं घडवत होता. त्यांनी सायबर कॅफेतून छापून आणलेला एक कागद मला दिला. पॅलिओ डाएट. म्हणजे शेती शिकायच्या आधी माणूस जे खात होता ते खायचं. धान्य बंद, डाळ बंद, दूध बंद. मांस, फळं, बदाम चालतात.

धान्य बंद म्हटल्यावर मला फार सोपं वाटलं. चतुर्थ्या, एकादश्या करून हात बसलेला. मी पंधरा दिवस साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि बटाट्याचा कीस खाल्ला. वजन दोन किलो वाढलं.

सुरेश भियांनी कपाळाला हात लावला. "भाभी, गुफा वाला आदमी साबुदाना खाता था क्या?"

"अरे भिया, मग मी काय हरणामागे धावू? आमच्यात मांस चालत नाही."

तेव्हा त्यांनी तो डबा काढला. मांस नाही तर हे घ्या, ताकद टिकेल. मी विचारलं, "गुफा वाले के पास डब्बा था?" ते हसले आणि म्हणाले, "भाभी, आप बहस बहुत करती हो." मी डबा पिशवीत घालून वर मेथीची जुडी ठेवून घरी आणला.

वजन उतरायला लागलं. काकडी, पेरू, चार बदाम आणि पावडर. पाणीसुद्धा मी कमी प्यायचे, कारण काट्यावर पाण्याचंही वजन दिसतं असं माझ्या थोर डोक्यात आलं होतं. तीन महिन्यांत अडुसष्ट. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "नवऱ्यासाठी काय निग्रह केला हो!" मी मान खाली घालून म्हणायचे, "काही नाही, उपवास करते, देव करवून घेतो." शालू हे सगळं ऐकत होती. ती एकदाच म्हणाली, "वहिनी, खरंच तुमची कमाल आहे." या एका वाक्यासाठी मी तो डबा आणखी आत सरकवला.

आणि त्या दिवशी डॉक्टरांसमोर शालू माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. आता कळलं ना, मी "कुछ नहीं" का म्हटलं?

त्या आठ दिवसांत मी काय केलं ते ऐका. किडनी थकली आहे, तिला ताकद हवी, असा विचार करून मी तीन चमच्यांचे चार केले. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून द्यायची असते, तो कॅन मी साडीच्या पिशवीत घालून, टेम्पोत मांडीवर घेऊन गेले. शेजारच्या बाईने विचारलं, "घी है क्या?" मी म्हटलं, "हाँ, गाय का."

दुसरा रिपोर्ट आला. एक पॉइंट सहा. डॉक्टर म्हणाले, "आप डोनर नहीं बन सकतीं. और अपना भी ध्यान रखिए, आपकी किडनी में शायद कोई बीमारी शुरू हो रही है." पुढच्या तपासण्या झाल्याच नाहीत. यांची तब्येत तोवर एवढी उतरली होती की थांबायला सवड नव्हती. शालू पर्समधून पेन काढत म्हणाली, "फॉर्म कुठे भरायचा?"

मी घरी आले आणि रुसले. होय, रुसले. नवरा मरणाच्या दारात, नणंद पोट कापून घ्यायला निघालेली, आणि मी रुसून पावडर मोरीत ओतली. आता बारीक होऊन कोणाला दाखवायचं? मोरी दोन दिवस तुंबली होती.

ऑपरेशन झालं. दोन स्ट्रेचर, एक आत गेलं, मागून दुसरं. मी बाहेर बाकावर. शालूची कूस बरगडीखालून पाठीपर्यंत उघडली होती, एक बरगडीही थोडी कापावी लागली. तेव्हा तशीच पद्धत होती. यांच्या नव्या किडनीने टेबलावरच लघवी केली, असं डॉक्टर आनंदाने सांगत आले. मी पण हसले. मग शालूला बाहेर आणलं. ती शुद्धीवर येत होती आणि ओरडायचं नाही म्हणून दातांत चादर धरून होती.

हे भराभर सुधारले. शालू नाही. खोकला आला की ती कुशीवर उशी दाबून धरायची. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. फळ्यावर खालच्या अर्ध्या भागातच लिहायची, मागची मुलं उभी राहून वाचायची.

दोन महिन्यांनी माझी तपासणी होती. बीमारी शुरू होती ना! क्रिएटिनिन पॉइंट आठ. डॉक्टरांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. पुन्हा विचारलं, "कुछ तो लेती थीं आप?" या वेळी शेजारची खुर्ची रिकामी होती. मी सांगितलं. डबा, चमचे, पाणी, सगळं.

त्यांनी कागद खाली ठेवला. मग समजावलं. असल्या काही पावडरींत क्रिएटिन मिसळलेलं असतं. शरीरात त्याचंच क्रिएटिनिन होतं. वर एवढं प्रोटीन आणि पाणी कमी. माझी किडनी ठणठणीत होती, बिघडला होता तो फक्त आकडा. "उस दिन बता देतीं तो..." एवढं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटची घंटी वाजवली.

शालूचं शरीर विनाकारण कापलं गेलं होतं आणि हे फक्त मला आणि डॉक्टरांना माहीत होतं. चार दिवस मी जेवले नाही. या खेपेला मात्र कोणी कौतुक केलं नाही.

म्हणून सांगते, डॉक्टरांनी विचारलं की सगळं सांगा. चूर्ण, काढा, पावडर, कोणाच्या जिममधला डबा. लाज वाटत असेल तर शेजारच्या माणसाला बाहेर बसवा, पण सांगा. आणि आपल्या कौतुकाची एवढी भूक असेल तर पॅलिओपेक्षा साबुदाण्याची खिचडी खा, तिच्यापायी कोणाची बरगडी कापली जात नाही.

त्या किडनीवर हे तेरा वर्षं जगले. नातवंडं पाहिली, नातीला सायकल शिकवली, नातवाशी कॅरममध्ये लबाडी केली. पुढे गेले ते हृदयाने. गेले म्हणूनच आज हे लिहू शकते. ते असेपर्यंत मी बांधलेली होते.

बांधलं शालूनेच. ते चार उपाशी दिवस काढून पाचव्या दिवशी मी वरच्या खोलीत गेले. ती कुशीला उशी लावून सहामाहीचे पेपर तपासत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि रडायला लागले. तिने हातातला पेपर पूर्ण तपासला, मार्कांची बेरीज केली, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाली:

"मग आता काय करू, वहिनी? परत मागू? दादाला मात्र हे कधी सांगू नका. तो खरंच काढून द्यायला निघेल."