पानबाईचा अडखळणारा बाण

वाळलेल्या पानांच्या एका संग्रहालयात, वरच्या मजल्यावर, पानांची चित्रं काढणारी एक बाई होती. सगळे तिला पानबाईच म्हणत. आधी ती शाईने काढायची, गेली अकरा वर्षं कॉम्प्युटरवर. पानाचा फोटो पडद्यावर मोठा करायचा आणि माउस धरून देठापासून टोकापर्यंत एकेक शीर गिरवत जायचं. काम इतकं संथ, की खिडकीतलं ऊन टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकायचं आणि तिला पत्ताच नसायचा. वाटायचं, आपण पानाच्या आतच चालतोय, एका बारीकशा नदीच्या काठाकाठाने.

एका सोमवारी पडद्यावरचा माउसचा बाण अडखळला. शिरेच्या मध्येच थबकला आणि एकदम उडी मारून पुढे गेला. रेषेला दाते पडले. मग हे रोजचंच झालं. कॉम्प्युटरही रखडायला लागला, पण त्याचं तिला विशेष वाटलं नाही. जुना झाला असेल बिचारा. बाण अडखळला की मात्र ती आपल्या उजव्या हाताकडे बघायची. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. बावन्नाव्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि दोन वर्षांत दुकान बंद झालं. तिला आता बावन्नावं लागलं होतं.

ती घरी चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागली. नवरा नसताना सुईत दोरा ओवून बघायची. दोरा पहिल्या झटक्यात जायचा, तरी मनाची खात्री पटेना. महिनाभरात जेमतेम चार पानं झाली.

एका दुपारी नणंद पानबाईची घरी विसरलेली किल्ली द्यायला संग्रहालयात आली. नणंद कॉम्प्युटर दुरुस्त करायची. कुठल्याही खोलीत गेली की आधी तिची नजर टेबलाखालच्या वायरींवर.

"वहिनी, हा बाण बेडकासारखा काय उड्या मारतोय?"

"तो नाही गं," पानबाई खालच्या आवाजात म्हणाली. "माझा हात."

"सरक बघू." नणंदेने माउस हातात घेतला आणि पडद्यावर एक मोठा गोल काढला. गोलाला सहा ठिकाणी खाचा पडल्या.

पानबाई बघतच राहिली. "पुन्हा काढ."

"अगं, काढला की!"

"तरी पुन्हा."

नणंदेने पुन्हा काढला. पुन्हा खाचा. पानबाई मटकन खुर्चीत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे भरून आले. मग तिने सगळं सांगितलं. नणंद ऐकून घेत होती, एक हात वहिनीच्या पाठीवर.

"वेडी आहेस का तू? महिनाभर एकटीच कुढत बसलीस! मी काय मेले होते?"

मग ती कामाला लागली. माउसची बॅटरी बदलली, फरक नाही. खाली कागद घातला, तेच. कोणता प्रोग्राम किती ताण देतोय, ते उघडून बघितलं. महिन्याभरापूर्वी कार्यालयाने जोडून दिलेल्या बाहेरच्या डिस्कवर जुन्या फोटोंच्या प्रती दिवसभर उतरत होत्या. तिने ते काम जेवणाच्या सुट्टीत लावून दिलं. कॉम्प्युटर झटकन पळू लागला, पण बाण अजून अधूनमधून अडखळतच होता. ती टेबलाखाली वाकली.

"हे बघ. बिनवायरीच्या माउसचे संदेश पकडणारं हे नखाएवढं बटण मागे डिस्कच्या वायरीला खेटून बसलंय. त्या गलबल्यात त्याला माउसचं काही ऐकूच येत नाही." तिने ते काढून कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला लावलं.

पानबाईने माउस धरला. बाण पाण्यावरून गेल्यासारखा गेला. मधली शीर, तिला फुटलेली बाजूची, तिच्यातून निघालेली केसासारखी. ती गिरवत गेली. खोलीत वाळक्या पानांचा मंद वास होता. नणंद शेजारच्या खुर्चीत "पाचच मिनिटं बसते" म्हणून टेकली आणि तोंड उघडं टाकून गाढ झोपली.