वाचनालयाचं गुप्त पान

खून, दरोडे, वाटमारी असं बरंच काही मी नोकरीत हाताळलं. पण नातवंडं माझी सगळ्यात मोठी केस कोणती म्हणून विचारतात, तेव्हा मी पुस्तकचोरीची केस सांगतो आणि ती हसतात. हसू देत. ती केस जशी लक्षात राहिली तशी दुसरी नाही.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी इंदापूर तालुक्यात फौजदार होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना कळसच्या बाजूच्या एका गावातून सार्वजनिक वाचनालयाचे अध्यक्ष दोन विश्वस्तांना घेऊन ठाण्यात आले. गाव त्यांना आबा म्हणे. वजनदार माणूस, वर पोच असलेला. फिर्याद अशी, की वाचनालयाची तीन कपाटं रिकामी झाली आहेत. पंधरवड्यावर सरकारी तपासणी आली होती. पुस्तकं दिसली नाहीत तर वाचनालयाची मान्यता जाणार होती. चोर ग्रंथपालच, कारण किल्ल्या त्याच्याकडे, असं त्यांनी ठासून सांगितलं आणि आजच आत टाका म्हणून ते गेले.

ग्रंथपालांना बोलावून घेतलं. पन्नाशीचे गृहस्थ, गाव त्यांना तात्या म्हणे. वडील मेंढरं राखायचे, त्या घरातून शिकलेला हा पहिला माणूस. धुतलेला सदरा घालून आणि दाखल नोंदवही बगलेत धरून आले. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांकानिशी चढवतात ती ही वही. चोरीचा संशयित स्वतःहून कागद घेऊन येत नाही, हे मी तेव्हाच मनात टिपलं.

तात्यांचं म्हणणं साधं होतं. आपल्या मूळ गावच्या जत्रेसाठी ते आठ दिवस रजेवर होते. परत आले तर कपाटं मोकळी. आबांना विचारलं तेव्हा आबांनी पुस्तकं बाइंडिंगला दिल्याचं सांगितलं, आणि अध्यक्षांच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. आता आबा कानावर हात ठेवत होते. अटक झाली असती तर तात्यांची नोकरी जाणारच होती, शिवाय तीस वर्षं ज्या गावाला पुस्तकं दिली त्या गावात चोर म्हणून राहावं लागलं असतं.

अटकेसाठी मला दोन दिवस वरून फोन येत होते. पण जे मला कळत नाही त्यावर मी सही करत नाही, ही माझी जुनी खोड. इंदापुरातल्या एका वकिलाकडून ग्रंथालयांचा आणि सार्वजनिक न्यासांचा कायदा आणला आणि टेबलावर मांडून वाचत बसलो. साहेब परीक्षेला बसणार म्हणून हवालदारांनी चेष्टा केली. त्यातून एवढं पक्कं कळलं, की विश्वस्त हा मालक नसतो. वाचनालयाची चीजवस्तू न्यासाची, आणि तिचं काय करायचं ते एकट्याने ठरवायचं नसतं. मी ठरावांची वही मागवली. बाइंडिंगचा ठराव नव्हता, पुस्तकं कुणाला दिल्याचाही नव्हता. मात्र किल्ल्यांचा दुसरा जुडगा अध्यक्षांकडे राहील, असा एक जुना ठराव सापडला.

मग खबर आली. दुधाचा टेम्पो चालवणाऱ्या एकाने आमच्या हवालदारांना चहाच्या टपरीवर सांगितलं, की वाचनालयाच्या सुट्टीच्या दिवशी त्याने आबांच्या सांगण्यावरून पोती भरून नेली. रद्दी म्हणून सांगितलं होतं, पण ती पणदऱ्याच्या पुढे एका गावात आबांच्या व्याह्यांकडे उतरवली. त्या गावात नुकतंच नवं वाचनालय निघालं होतं.

प्रश्न ओळख पटवण्याचा होता. शिक्क्याचं पहिलं पान फाडलं की पुस्तक कुणाचंही. तात्यांना विचारलं. ते म्हणाले, की ग्रंथपाल आतलं एक पान ठरवून घेतो आणि प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर शिक्का मारून दाखल क्रमांक टाकतो. ते गुप्त पान त्यांनी विश्वस्तांनाही कधी सांगितलेलं नव्हतं. मी आकडा विचारला.

"न्हाय सांगणार, साहेब. हितं धा कान हायेत. लिवून देतो, पाकिटाला लाख लावा आन् पंचांम्होरं फोडा."

संशयित असून अटी घालतो म्हणून हवालदार तापले. मला मात्र त्या माणसाचा अभिमान वाटला.

बारामतीच्या ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि त्या गावी गेलो. नव्या वाचनालयाच्या कपाटांत पुस्तकं नीट लावलेली, नवी लेबलं, पहिली पानं गायब. तिथले सचिव निवांत होते. सगळी पुस्तकं आपल्या नोंदवहीत चढली आहेत, असं ते सांगत राहिले. पंचांनी पाकीट फोडलं. आत सदतीस आकडा. पहिलं पुस्तक उघडलं, सदतिसाव्या पानावर निळा शिक्का आणि तात्यांच्या वळणदार अक्षरात क्रमांक. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. दहाव्या पुस्तकाला सचिवांनी पाणी मागितलं.

आबांनी मग आढेवेढे घेतले नाहीत. व्याह्यांच्या वाचनालयाला मान्यतेसाठी पुस्तकं कमी पडत होती, म्हणून दोन दिवसांच्या बोलीवर दिलेली. पण तपासणीत ती त्यांच्या नावावर लागली आणि व्याही परत देईनात. तेवढ्यात आपल्या वाचनालयाची तपासणी आली, आणि नातं मोडण्यापेक्षा ग्रंथपालाला चोर ठरवणं सोपं वाटलं.

"माझ्याच वाचनालयाची पुस्तकं, साहेब. मी न्हेली तर चोरी कशी?" आबांनी विचारलं, आणि ते खरोखरच गोंधळलेले होते.

"आबा, तुम्ही राखणदार. मालक गाव आहे," मी म्हणालो.

फिर्यादी आरोपी झाला. विश्वासघाताचं कलम लावलं, धर्मादाय आयुक्तांना अहवाल पाठवला. कोर्टाच्या हुकुमाने मुद्देमाल तपासणीआधी सुटला आणि वाचनालयाची मान्यता टिकली. माणसं पदाला मालकी समजायला लागतात तेव्हा त्यांना आपण चोरी करतोय हेही कळत नाही, हे मी या केसमध्ये शिकलो. पुढे कितीतरी संस्थांच्या भांडणात ते उपयोगी पडलं.

महिन्याभराने त्या रस्त्याने जाताना वाचनालयात डोकावलो. तात्या पुस्तकांच्या ढिगात बसून एकेक उघडून शिक्का मारत होते. सदतीस आकडा आता सगळ्या तालुक्याला माहीत झाला होता, म्हणून पान बदलायचं काम चाललं होतं. चहा झाल्यावर मी हळूच विचारलं, नवं पान कोणतं?

तात्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "तुमचं उपकार जल्मभर इसरणार न्हाय, साहेब. पर त्ये तुमाला बी सांगता यायचं न्हाय."

नोकरीत मला बरीच बक्षिसं मिळाली. पण घरी येऊन बायकोला मी मोठ्या कौतुकाने सांगितलं ते हे, की आज मला एका माणसाने तोंडावर नाही म्हटलं.