पुढचे दोघं गेले

आमच्या ह्यांना जीपचं लई वेड. लष्कराच्या लिलावातली, वयानं माझ्याहून मोठी जीप त्यांनी छावणीतल्या एका मिस्त्रीला हाताशी धरून उभी केली होती. गारखेड्याला आमच्या दारात ती थांबली की गल्ली गोळा व्हायची आणि हे रुमालानं तिचं नाक पुसत बसायचे. माझं नाक सर्दीनं लाल झालं तरी ह्यांना दिसायचं नाही!

तिच्यात बसणं म्हणजे मला शिक्षा. तिचे शॉकप पार संपले होते. शॉकप म्हणजे चाकांजवळच्या तेल भरलेल्या नळ्या, रस्त्याचा धक्का पिऊन टाकणाऱ्या. मिस्त्रीनं एकदा मला दाखवलं होतं, बॉनेट दाबून सोडलं की गाडीनं एकदा वर येऊन गप उभं राहायचं. आमची आपली नंदीबैलासारखी मान हलवतच राहायची. "अहो, आधी शॉकप बदला," मी म्हणायचे. "मिलिटरीची गाडी आहे, अशीच असते," हे म्हणायचे. मिलिटरीतल्या माणसांना काय कंबर नसते?

त्या रविवारी देवगाव रंगारीला ह्यांच्या चुलत्यांकडं जेवायला जायचं होतं. मी साफ सांगितलं, जीपनं जाणार असाल तर मी नाय येत. मग पुढं हे आणि मामंजी, मागं सासूबाई आणि आमची लहानगी लेक, असे चौघं निघाले. मी दार लोटून मस्त ताणून दिली.

दुपार कलल्यावर शेजारच्या काकू धापा टाकत आल्या. तेव्हा आमच्या गल्लीत फोन फक्त त्यांच्याकडं होता.

"छावणीतनं फोन होता. तुमच्या मिस्त्रीचा."

"काय म्हणाला?"

माझा हात घट्ट धरून त्या म्हणाल्या, "पुढचे दोघं गेले गं. मागचे दोघं आहेत, पण त्यांचाही भरोसा नाय म्हणे."

पुढचे दोघं म्हणजे हे आणि मामंजी. मागं माझी लेक. मी तशीच अनवाणी रस्त्यावर धावले. काकूंच्या यजमानांनी रिक्षा बोलावली, आम्हा दोघींना आत बसवलं आणि तेही चढले. छावणीतच कुठल्या तरी दवाखान्यात नेलं असेल, म्हणाले. काकू सारखं देवाचं नाव घेत होत्या आणि मी मनातल्या मनात त्याच देवाशी भांडत होते. ती जीप घे, घर घे, काय हवं ते घे, पण मागचे दोघं तरी ठेव. मग 'तरी' म्हटल्याचा मला असा राग आला! चौघं ठेव, मी म्हटलं. चौघंही. मी ऐकून घेणार नाय.

कुठल्या दवाखान्यात ते मिस्त्रीलाच ठाऊक, म्हणून रिक्षा आधी त्याच्या गॅरेजवर नेली. जीप तिथंच होती. तोंड वर उचललेलं, पुढची दोन्ही चाकं काढलेली. आणि खालून दोन पाय बाहेर आलेले. ह्यांच्या चपला मी लांबूनच ओळखल्या. पाय हलत नव्हते.

"अरे!" मी किंचाळले. "अरे ऊठ ना रे!"

जीपखालून आवाज आला, "सतराचा पाना दे आधी."

मग हे सरपटत बाहेर आले. तोंड ग्रीसनं काळंकुट्ट.

"तू जिता हायेस?" मी त्यांची कॉलरच धरली. "जिता हायेस ना रे, मेल्या?"

मामंजी बाकड्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते, ती बशी ओठांशीच राहिली. लेक मागच्या सीटवर सासूबाईंशेजारी बसून भजी खात होती. तिनं एक भजं मला पुढं केलं.

मिस्त्री बिचारा हात जोडून उभा. "भाभी, मैं इत्ताच बोला, सामने के दोनों गए. शॉकप, भाभी! पीछे के दोनों का बी भरोसा नै. साब के हाथ काले थे, इसलिए मैं फोन किया, घर आने को देर होती बोलके."

काकूंनी कपाळाला हात लावला. लाइन खरखरत होती, तिच्यात 'शॉकप' बुडाला आणि उरलेल्याचं त्यांनी चांगलं मराठी केलं. मिस्त्रीच्या बोलीत माणसं असोत की नळ्या, सगळे 'दोनों'च. आपल्याकडं नळ्यांना दोन्ही आणि माणसांना दोघं. काकूंनी 'दोघं' म्हटलं आणि माझी माणसं त्या नळ्यांच्या जागी जाऊन बसली.

मी हसत होते की रडत होते, माझं मलाच कळेना. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. "चारही बदला," मी मिस्त्रीला म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. भरोसा नसलेलं काही एक ठेवायचं नाय."

मग एकदम लक्षात आलं, मामंजींसमोर मी ह्यांना अरे-तुरे केलं होतं. वर मेल्याही म्हटलं होतं! मी पदर सावरला, मान खाली घातली. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "असू दे गं. आजवर ह्याला तू म्हणणारी घरात मी एकटीच व्हते. आता जोड मिळाली."

परतताना मीही जीपमध्ये बसले, मागं, लेकीला मांडीवर घेऊन. गारखेड्याच्या वळणावरचा खड्डा आला. जीप एकदा वर आली आणि गप झाली. मी काहीच बोलले नाही. ह्यांनी दोनदा मागं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत 'अहो'वर आले. मिस्त्रीनं मात्र धडा घेतला. तेव्हापासून त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "भाभी, सब सलामत. अब गाडी का सुनो."

पुढं मामंजी गेले, आणि मग बऱ्याच वर्षांनी सासूबाईही. त्यांचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, तरी हे कुणाशी बोलेनात. एका संध्याकाळी उठले आणि जीपखाली शिरले. मी चहा घेऊन गेले तर दोन पाय तेवढे बाहेर. पाना वाजत नव्हता.

"पुढचे दोन्ही गेले गं परत," खालून आवाज आला.

बॉनेटवर हात ठेवून मी जोरात दाबलं. जीप एकदा वर आली आणि गप उभी राहिली. शॉकप ठणठणीत होते. घरात त्यांना तू म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

"अरे, मग बदल की," मी म्हणाले. "पण आधी बाहेर ये तू. चहा गार व्हतोय."