मांजरीच्या घमेल्यातला चारा

केदारखेड्याच्या भावानं गव्हाच्या भुसकटाचं पोतं आणून टाकलं आणि जाता जाता टोमणाही मारला. जनावराच्या तोंडचा घास मांजरीच्या बुडाखाली घालणारी मी पहिलीच, म्हणे. घालणार! करू काय? जुन्या जालन्यात धान्याच्या दुकानांवर आमच्या दोन खोल्या. खाली सोडली तर मांजर रिक्षाखाली जायची, म्हणून तिच्या हगण्यामुतण्यासाठी कोपऱ्यात घमेलं ठेवलेलं. आधी त्यात घालायला मी पाकिटातली माती विकत आणायचे. तिचा धुरळा उडायचा आणि मालक खोकून खोकून लालबुंद व्हायचे.

मालक म्हणजे माझा नवरा. विसरायच्या आजारानं डोकं पार कोरं झालेलं. कित्येक महिने तोंडातून शब्द नव्हता. सगळा जन्म शेतातून आले की दारातूनच विचारायचे, "अगं, जेवली का?" ते एकदा तरी कानावर पडावं, एवढंच माझं मागणं उरलं होतं.

भुसकट घमेल्यात ओतलं तसा त्याचा वास खोलीभर झाला. मालक खाटेवर उठून बसले. घमेल्याकडं बघत म्हणाले, "चारा टाकला का बैलायला?"

माझ्या हातातलं पोतं सुटलं. आता कुठले बैल! गुडघे गेले तेव्हा मालकांनीच जोडी विकली आणि आम्ही इथं राहायला आलो. पण मी हो म्हणाले. मग रोज सकाळी हेच. रात्री मांजर उकरून, ओलं करून ठेवायची. मी ते घाण भुसकट काढून टाकलं की घमेलं रिकामं दिसायचं आणि मालक खूश व्हायचे. खाल्ला बराबर, म्हणायचे. त्या आनंदात स्वतःही चार घास खायचे.

एकदा मी भाकरी थापत होते. मालकांनी घमेल्यातून मूठभर उचललं आणि वास घ्यायला नाकाशी नेलं. हात, मिशा, सगळं घाणीनं भरलं. मला रडू यायला पाहिजे होतं, पण आला संताप. त्यांचं तोंड पुसता पुसता मी नको नको ते बोलले. त्याच दिवशी मांजरीचं घमेलं मोरीत दाराआड हलवलं आणि मालकांच्या खाटेशी स्वच्छ भुसकटाची पाटी भरून ठेवली. म्हटलं, झाली सोय.

मालक त्या पाटीकडं बघत बसायचे. पाटी भरलेली ती भरलेलीच. शेवटी एका सकाळी तोंड भिंतीकडं करून म्हणाले, "चारा तसाच हाये. बैल गेले का?"

मला खोटं सुचलंच नाही. गेले, मी म्हणाले. मयतीला रडावं तसा तो माणूस रडला, दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पाटी बघून पुन्हा तोच सवाल, पुन्हा तेवढंच रडणं. रोज नवी मयत. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये.

आता मी त्यांच्या आधी उठते. पाटीतलं अर्धं भुसकट काढते आणि मोरीतल्या घमेल्यात टाकते. मालक उठले की पाटीत हात घालून बघतात, मग माझ्याकडं वळतात. मी कोण, हे त्यांना ठाऊक नाही. चारा टाकणारी कुणीतरी बाई.

"जेवले का बैल?"

"जेवले," मी म्हणते.

बैलांचं रोज विचारतात. माझं अजून विचारलं नाही.