रिआल्टोच्या धक्क्यावर धरलेली जागा

व्हेनिसमध्ये आमची बॅग कोणीही चोरली नाही.

हे सहा शब्द लिहायला मला दोन वर्षं लागली. आजवर मी सगळ्यांना उलटंच सांगत आलो. आता खरं सांगतो, कारण आता लपवण्यात काही अर्थच उरलेला नाही.

बॅग सुजाताची, म्हणजे माझ्या बायकोची. निळी, कापडी, खांद्याला लावायची. तिच्यात काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे माझ्या अपराधाचं वजन कळेल. तिच्यात सुजाताचा भारतीय पासपोर्ट होता. कॅनडात कायम राहण्याच्या परवान्याचं तिचं पी.आर. कार्ड होतं, ज्याच्याशिवाय कॅनडाच्या विमानात तिला कोणी चढू देणार नव्हतं. विमान दुसऱ्याच दिवशी सकाळी होतं. आणि परतल्यावर तिसऱ्या दिवशी, विंडसरमध्ये, ती नागरिकत्वाची शपथ घेणार होती!

ही शपथ साधी नव्हती. मी आणि आमची मुलगी रिया कधीच कॅनेडियन होऊन बसलो होतो. सुजाताचा अर्ज तेवढा परत आला होता, कारण तो मी भरला होता. (मी कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासतो. केसाएवढी चूक असली तरी माल परत पाठवतो. घरच्या अर्जावर मात्र बायकोच्या सहीच्या जागी स्वतःची सही ठोकली!) तेव्हापासून शनिवारी सगळं विंडसर पूल ओलांडून अमेरिकेत, डेट्रॉईटला ग्रोसरीला जायचं आणि भारतीय पासपोर्टवाली सुजाता नदीच्या अलीकडे राहायची. "जा जा, तुमची सही चालते तिकडं," एवढंच म्हणायची. भांडली असती तर बरं झालं असतं.

म्हणून व्हेनिसमध्ये उतरल्या उतरल्या मी म्हणालो, "बॅग माझ्याकडे दे. मी सांभाळतो."

आता हे व्हेनिस. लोक या शहराचं एवढं कौतुक का करतात, मला अजून समजलेलं नाही! रस्ते नाहीत, गाडी नाही, जिकडे जावं तिकडे पाणी नाहीतर पायऱ्या. बसच्या जागी बोट. रिआल्टोचा पूल बघायला आम्ही गेलो, तर पुलावर माणसं इतकी, की पूल आहे हे आम्ही विश्वासावर मान्य केलं. सुजाता आणि रिया आइस्क्रीमच्या रांगेत लागल्या. पुढे सेंट मार्क चौकात जायचं होतं, तेही बोटीने, ग्रँड कॅनॉलमधून, दोन्हीकडचे राजवाडे बघत. जाता जाता सुजाता म्हणाली,

"बोट आली तर जागा धरून ठेवजा. समोरची!"

जागा धर! हे दोन शब्द ऐकले आणि माझा एकोणीस वर्षांचा कॅनडा पुसला गेला. मी पुलगावच्या एस.टी. स्टँडवर वाढलेला माणूस. आमच्याकडे गाडी फलाटाला लागायच्या आधी खिडकीतून हातातली वस्तू सीटवर फेकतात. रुमाल, टोपी, पिशवी, काहीही. (माझ्या काकांनी एकदा माझा चुलतभाऊ आत टाकला होता.) मग निवांत भांडत दारातून चढायचं. टाकलेल्या वस्तूचा मान सगळे राखतात. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

बोट आली. पुढच्या उघड्या भागातली एकच जागा रिकामी होती, कोपऱ्यातली, सगळ्यात छान. माझ्यापुढे पन्नास माणसं. विचार करायला वेळ होता, पण विचार कोण करतो! मी कठड्यावर वाकलो आणि बॅग भिरकावली. नेम इतका अचूक, की बॅग सीटवर टेकून बसली. अगदी पाय जुळवून बसल्यासारखी. मी समाधानाने दाराकडे वळलो.

खलाशाने माझ्या तोंडासमोर दांडा ओढला. बोट भरली होती.

"माझी जागा आहे!" मी ओरडलो. इंग्रजीत, हिंदीत आणि शेवटी मराठीत. खलाशीही ओरडला, इटालियनमध्ये. त्याने बॅगेकडे बोट दाखवलं, कपाळाला हात लावला, दोर सोडला. बोट निघाली. बायकोचा पासपोर्ट, पी.आर. कार्ड आणि माझ्या संसारात उरलेली थोडीशी अब्रू ग्रँड कॅनॉलमधून, समोरच्या सीटवर बसून, राजवाडे बघत चालली होती. आणि ज्याने जागा धरली तो धक्क्यावर!

तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो, बॅग कुठी आहे?"

मी वळलो. तिच्या दोन्ही हातांत आइस्क्रीम होतं. एक माझ्यासाठी. मला तिथे खरं बोलायचं होतं, शपथेवर सांगतो. पण डोळ्यांपुढे तो परत आलेला अर्ज आला, आणि तोंडातून निघालं,

"चोरली!"

"काय?"

"चोराने. हिसकावून."

"डॅड, ओह माय गॉड, आर यू ओके?" रिया.

"कसा होता दिसायला?" सुजाता. दोन्ही आइस्क्रीम कचऱ्याच्या डब्यात.

मला कमी बोलायची सवय. खोटं बोलायची तर मुळीच नाही. सुचेना. म्हणालो, "जाड होता. टक्कल होतं. मिशा. डाव्या गालावर तीळ."

"कोणत्या बाजूनं गेला?"

इथे मात्र माझं डोकं चाललं. बोट वळणं घेत, दर धक्क्यावर थांबत जाते. पायी गेलो तर सेंट मार्कला तिच्या आधी पोचू! "सेंट मार्ककडे!" मी ओरडलो आणि धावत सुटलो. मागे सुजाता, तिच्या मागे रिया. एका माणसाला बोट गाठायची होती, दोघींना चोर.

व्हेनिसमध्ये भिंतीभिंतींवर सेंट मार्ककडे जायचे बाण लावलेले आहेत. एका भिंतीवर दोन बाण होते. एक डावीकडे, एक उजवीकडे! दोन्ही सेंट मार्ककडेच! हे काय मार्गदर्शन झालं? आमच्या कारखान्यात असा बाण लावला असता तर त्याच संध्याकाळी घरी बसवलं असतं. मी डावीकडे वळलो. दोन पूल चढलो, दोन उतरलो, एका लग्नाच्या फोटोत घुसलो, दोरीवर वाळत घातलेली कोणाची तरी चादर डोक्यावर घेतली, आणि समोर पुन्हा रिआल्टो!

"डॅड, वी वर जस्ट हिअर!"

"चोरानेही असंच केलं असेल," मी म्हणालो.

पुन्हा पळापळ. उजवीकडचा बाण. वाटेत एका गल्लीच्या टोकाला कॅनॉल दिसला, तसा मी तिथे घुसून मान लांब करून बोटी बघू लागलो.

सुजाता धापा टाकत आली. "चोर पायानं पळाला ना? मग तुम्ही बोटीकडं काहून पाहून राहिले?"

"पोहत गेला असेल तर..."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की मी गप्प पळू लागलो.

आणि मग एकदम तो प्रसिद्ध चौक. सोनेरी भिंतींचं ते चर्च, आकाशात गेलेला घंटेचा मनोरा, संगमरवरी राजवाडा, ज्यासाठी जगभरातून माणसं येतात आणि तासन्‌तास उभी राहतात. मी ते सगळं साधारण चाळीस सेकंदांत पाहिलं. त्यातले तीस सेकंद एका जपानी कुटुंबाच्या सेल्फी-स्टिकमधून सुटण्यात गेले. काठावर आलो तर आमची बोट नुकतीच त्या धक्क्यावरून सुटत होती. पुढच्या सीटवर निळा ठिपका! पुढचा धक्का राजवाड्याच्या पलीकडे. मी पुन्हा पळणार, तेवढ्यात सुजाताने एका महिला पोलिसाला पकडलं.

"माय हजबंड सॉ द थीफ," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम. "माझी शपथ आहे शुक्रवारी. प्लीज."

पोलिसाने वही काढली. मी पुन्हा वर्णन सांगितलं. जाड, टक्कल, मिशा, तीळ. घाईत 'थोडा लंगडतो' हेही सांगून टाकलं.

सुजाता माझ्याकडे वळली. "हे तर माझ्या दादाचं वर्णन आहे."

"कोणाचं?"

"माझ्या नागपूरच्या दादाचं! टक्कल, मिशा, तीळ, गुडघ्याचं ऑपरेशन! माझ्या दादानं बॅग चोरली म्हणता?"

"सारखी दिसतात गं माणसं!"

"अंकल इज इन नागपूर," रियाने पोलिसांना मदत केली. पोलिसाने वहीत काहीतरी खोडलं.

"धक्क्यावर विचारू!" म्हणून मी तिघींना जवळजवळ ओढत नेलं. वाटेत उसाशांचा पूल लागतो. जुन्या काळी कैदी तुरुंगात जाताना तिथून शेवटचं बाहेर बघायचे. लोक फोटो काढत होते. मी पोलिसाशेजारून चालत उसासा टाकला.

बोट लागली. आणि काय सांगू! माणसं उभी होती, एकमेकांच्या पायांवर पाय देत होती, पण बॅगेच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. (बेवारस बॅग म्हणून घाबरून बसले नसतील. पण मला क्षणभर अभिमानच वाटला!) सुजाता दांड्याखालून आत घुसली. पासपोर्ट होता. कार्ड होतं. ती तिथेच, त्या धरलेल्या जागेवर बसली आणि बॅग पोटाशी धरून रडायला लागली.

खलाशाने मला ओळखलं. संतापाने लाल होऊन तो पोलिसाला सांगू लागला. सांगू कसला, करूनच दाखवू लागला! तो कठड्यावर वाकला. हात मागे नेला. अदृश्य बॅग भिरकावली. माझ्याकडे बोट दाखवलं. मग माझी नक्कल करत धक्क्यावर नाचला. आसपासचे लोक टाळ्या वाजवू लागले.

"काय म्हणते तो?" सुजाताने डोळे पुसत विचारलं.

"म्हणतोय, चोर घाबरला," मी म्हणालो. "आणि बॅग अशी फेकून पळाला."

"बरं," सुजाता म्हणाली.

शुक्रवारी तिने शपथ घेतली. हातात छोटा झेंडा, डोळ्यांत पाणी. लोकांनी विचारलं, व्हेनिस कसं होतं? ती म्हणाली, "आमच्या ह्यांना विचारा." आणि मी सांगत सुटलो. जयंतीच्या कार्यक्रमातल्या जेवणानंतर, कोणाच्या बेसमेंटमध्ये, कोणाच्या बारशाला. मला, कमी बोलणाऱ्याला, लोक आग्रह करकरून सांगायला लावायचे. मला वाटलं, वयाच्या पन्नाशीत मला एक कला गवसली.

मागच्या शनिवारी एक तरुण जोडपं घरी आलं. लग्नाचा वाढदिवस व्हेनिसमध्ये करायचा म्हणाले, काही सल्ला द्या. मी त्यांना इतकं घाबरवलं, की ती पोरगी म्हणाली, "मग कॅन्सलच करतो अंकल." ते गेले आणि माझं मन मला खाऊ लागलं. एका शहराची बदनामी, एका निरपराध मेव्हण्याची बदनामी, आणि आता या दोघांचा वाढदिवस! रविवारी चहाच्या वेळी मी सुजातापुढे सगळं ओकून टाकलं. कठडा, नेम, सगळं.

ती चहात बिस्कीट बुडवत म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"खलाशी धक्क्यावर नाचला तेव्हापासून. त्याले भाषेची गरज होती का?"

"मग बोलली का नाहीस?"

"कार्ड मिळालं होतं. विमान सकाळी होतं. तुमच्याशी भांडायले वेळ कोणाकडं होता? आईला तेवढं फोनवर सांगितलं. मग दादाला. मग इथं एकदोघींना."

"म्हणजे कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यायले."

माझा संताप संताप झाला! दोन वर्षं! दोन वर्षं माणसं समोर बसून "अरे बापरे" म्हणत होती! "मग मला पुन्हा पुन्हा सांगायला का लावतात?"

"तुम्ही दर वेळी नवीन काहीतरी घालता ना, म्हणून. ते शनिवारचे दोघं तर तिकिटं काढून बसले आहेत. फक्त ऐकायले आले होते."

मी मान खाली घातली. शनिवारी गोष्टीतल्या चोराच्या हातात मी चाकू दिला होता, आणि तो मीच हिसकावूनही घेतला होता.